आक्का, खून कुणी केला?

आक्का, तो पिक्चर आता माझ्या मोबाइलमध्ये येऊन बसलाय. तोच, विहिरीतल्या खुनाचा. तेरवी उरकून तुमची लेक शोभा सासरी निघाली तेव्हा जाता जाता तिनं माझ्या हातातून फोन घेतला, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "मामी, अख्खा हाय. शेवटासकट. वाटलं तवा बघा." तेव्हापासून कालपर्यंत फोन हातात घ्यायचा म्हटलं की मला धास्ती वाटायची. चुकून बोट लागायचं आणि शेवट दिसायचा. मग आपलं भांडण मिटणार. आणि ते मिटलं तर तुमच्यामाझ्यात आता दुसरं चालू राहिलंय तरी काय?

हे कुणाला सांगायची सोय नाही. नणंद गेल्यावर भावजयीनं काय बोलायचं हे गावात ठरलेलं असतं. जीव लावायची, हाताला चव होती, कधी कुणाला टाकून बोलली नाही. यातलं तिसरं तर साफ खोटं आहे. तुम्ही मला रोज टाकून बोलायचा. भेटायला आलेल्या बायका हे सगळं म्हणत होत्या, मी मान हलवत होते, आणि मनात एकच चाललं होतं. खून नणंदेनं केला की भावजयीनं?

दुकान उघडते मी रोज. आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारातलं ते एवढंसं शिलाईचं दुकान, तुम्ही ज्याला कधी दुकान म्हणाला नाहीत. "सुमनचा खोपा" म्हणायचा. त्या खोप्यातूनच आपलं सगळं सुरू झालं. मेंढरं घेऊन दाजी पैनगंगेकडं उतरले की आठ आठ महिने घरी नसायचे, शोभा लग्न होऊन गेलेली, आणि तुमचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. दुपारी येऊन माझ्या मशीनशेजारी बसायचा. एक दिवस म्हणालात, "हिंगोलीला नवा पिक्चर लागला म्हनं. मानूस उडतो." मी म्हटलं, घरी काय सांगायचं? तुम्ही इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालात, "अस्तर आनायला चाल्लो म्हनून सांग."

तेव्हापासून आपल्या घरात पिक्चरला अस्तर म्हणतात. उडणाऱ्या माणसाचा असला की साधं अस्तर. आपल्याकडचा, खूनखराब्याचा असला की काळं अस्तर. तुमच्या भावाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण त्यांनीही कधी उघड केलं नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "इतकं अस्तर लागतंय, तू ब्लाउज शिवून राहिली का तंबू?" आणि एकदा खरोखरच अस्तर संपलं, लग्नसराई तोंडावर, मी घाईनं निघाले, तर म्हणाले, "कोनता लागला?" मी शपथा घेतल्या तरी पटेना त्यांना.

आपलं पिक्चर बघणं म्हणजे तरी काय होतं. सकाळचं सगळं आवरून निघायचं तर दुपारचाच शो जमायचा, आणि तो संपायच्या आत गोरेगावची शेवटची जीप सुटायची. जीपवाल्याकडं तुमचा नंबर होता. गाडी भरत आली की तो फोन करायचा. पडद्यावर गोळी सुटायची वेळ आणि तुमच्या पिशवीत फोन वाजायला लागायचा. टॉकीजमधल्या लोकांना पाठ झालं होतं. मागून कुणीतरी ओरडायचं, "आक्का, जीप भरली!" मग आपण दोघी वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत, अंधारातून बाहेर. इतकी वर्षं पिक्चर बघितले, आक्का, पण टॉकीजमध्ये बसून शेवट एकाचाही बघितला नाही. शेवट आपण जीपमध्ये करायचो.

साध्या अस्तराला त्यानं काही बिघडत नव्हतं. "उडनारा मरत असतो का? दुसऱ्या भागाला कोन येनार मग?" म्हणत तुम्ही निवांत उठायचा. मला ते पिक्चर खरं म्हणजे आवडायचे. नुसता उजेड, मोठमोठे आवाज, शेतबीत काही नाही, घरदार नाही, दोन तास डोकं रिकामं. तुम्हाला मात्र त्यातही खोट काढायची असायची. एवढ्या इमारती पाडल्या त्या झाडून कोण काढणार, हे तर ठरलेलंच. पण तुमचा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर होता. "ह्यातलं एक तरी घरी जेवतं का गं? जगाला वाचवून राहिले, पन कोनाच्या घरी ताट वाढलेलं न्हाई." त्याच्या पाठीवर फडफडणाऱ्या कापडाला तुम्ही पदर म्हणायचा. "पदर खोचून घे की रे बाबा, अडकंल कुठंतरी." पुढच्या रांगेतली पोरं मागं वळून हसायची.

आणि ते एकाच माणसाचं तीन दुनियांतून तीनदा येणं. माझ्या डोक्यावरून गेलं होतं सगळं. मी विचारलं, हा कोण आणि तो कोण? तुम्ही शेंगा फोडत म्हणालात, "त्यात काय हाय? दाजी घरात एक, मेंढरात एक, सोयऱ्यात एक. तिघं समोरासमोर आले तर वळकनार न्हाईत एकमेकाला." मला तिथल्या तिथं सगळा पिक्चर कळला.

पण एकदा तुम्ही खरंच चिडला होता. आधीच्या भागात तो मेला होता. तुम्ही टॉकीजमध्ये पदर तोंडाला लावून रडला होता, जीपमध्येही डोळे पुसत होता. आणि पुढच्या भागात तो पठ्ठ्या उठून परत आला. सगळे शिट्ट्या मारत होते आणि तुम्ही हाताची घडी घालून बसला होता. "मागच्या बारीला मी इतकी रडले, ते वाया गेलं न्हवं का? ह्यो काय खेळ हाय? मेला तर मेला म्हना ना." मी म्हटलं, आक्का, परत आला ते बरं नाही का? तुम्ही म्हणालात, "बरं हाय. पन मला फसवलं."

आता मी रडते ते वाया जाणार नाही, एवढं मात्र नक्की. दुसरा भाग नाही याला.

काळ्या अस्तराची गोष्ट वेगळी होती. तिथं आपण दोघी डोळ्यांत तेल घालून बसायचो. हल्ली आपल्याकडच्या खुनांवर बरेच पिक्चर निघतात. धुरळा, उसाचा फड, गप्प गप्प माणसं, सारखी थुंकणारी. तुमचं पहिलं म्हणणं असायचं, "हे कोनत्या गावचं बोलून राहिले? एक जन 'काहून' म्हनंना, सगळे 'का' म्हनून राहिले." खरंच होतं ते. वरती पाटी परभणी-हिंगोलीची आणि बोलणं कुठलं तरी तिसरीकडचं. आणि दुसरं म्हणणं, "बाई मेल्याबिगर ह्यायचा पिक्चर सुरूच व्हत न्हाई." पहिल्याच दृश्यात कुठंतरी नाल्यात बांगडी दिसली की तुम्ही माझ्या मांडीवर चापट मारायचा. "घे. मेली." मग इन्स्पेक्टर यायचा, त्याला झोप नाही, बायकोशी पटत नाही, आणि त्या मेलेल्या बाईचं नावसुद्धा मध्यंतरापर्यंत कुणाला आठवत नाही. मला वाटायचं, असू दे, पिक्चर आहे. तुम्ही म्हणायचा, "आसू दे काहून? तिच्या मायच्या घरी गेलं का कोनी? चहा पिऊन आलं का कोनी?"

म्हणून विहिरीचा पिक्चर आपल्याला सुरुवातीलाच आवडला. त्यात गडी मेला होता. चांगला जमीनजुमलेवाला, मिशीवाला गडी. "ह्या बारीला बरं केलं," तुम्ही कानात म्हणालात. वर त्यातल्या एका हवालदारानं कुणालातरी विचारलं, "काहून रे?" तुम्ही टाळ्याच वाजवल्या. सगळं टॉकीज गप्प आणि तुम्ही एकट्या टाळ्या वाजवताय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं तेव्हा. आता ती टाळी ऐकायला मी कुठंही जाईन.

घरात संशय घ्यावा अशा दोनच बायका होत्या. मेलेल्याची बायको, आणि माहेरपणाला आलेली त्याची बहीण. म्हणजे भावजय आणि नणंद. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना शाळेच्या ग्राउंडवर बोलावलं, खुर्ची ओढून बसला, चष्मा पुसला, आणि तुमच्या पिशवीत फोन वाजला.

जीपमध्ये बसल्या बसल्या मी म्हटलं, नणंदेनंच केला. तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की जीपवाल्यानं आरशातून डोळे फिरवले. "काहून? नणंद हाय म्हनून?" मी म्हटलं, नाही हो, ती फार मोठ्यानं रडते. जमिनीत वाटा मागायला आली होती. आणि रडताना तिनं विहिरीचं नाव घेतलं, तेव्हा विहिरीचं अजून कुणाला माहीतही नव्हतं. तुम्ही हात झटकला. "बायकोनं केला. भावजया लई पोचलेल्या असतेत. गप राहून कापतेत." जीपमधल्या बायका हसायला लागल्या. मी म्हटलं, कशावरून? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरले नाही.

"तिनं भाकरी कमी थापल्या."

मला आठवेना. तुम्ही सांगितलं, ज्या सकाळी गडी नुसता बेपत्ता होता, मेल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या सकाळी ती चुलीपुढं बसून भाकरी करत होती आणि टोपल्यात त्याच्या वाटणीच्या भाकरी नव्हत्या. "मानूस घरला आला न्हाई तरी बाई त्याची भाकर थापते, सुमन. येईल म्हनून थापते. आठ महिने तुझे दाजी नसतेत, तरी माझ्या हातून त्याह्यची भाकर पडतेच. कुत्र्याला घालते मग. हिनं थापली न्हाई. हिला ठावं व्हतं तो येनार न्हाई."

मी म्हटलं, आक्का, ती नटी आहे, तिला धड भाकरी थापता येते का तेच बघा. डायरेक्टरनं ठेवल्या असतील टोपल्यात जेवढ्या झाल्या तेवढ्या. तुम्ही म्हणालात, "तू शिलाई कर." गोरेगाव येईपर्यंत आपण बोललो नाही, आणि उतरल्यावर बाजारात उभं राहून परत सुरू केलं.

त्यानंतर कितीतरी दिवस तेच. मी ब्लाउजला हूक लावतेय आणि तुम्ही दारातूनच, "विचार केला का? भाकरी?" मी म्हणायचे, "विहीर." गिऱ्हाईक बायकांनासुद्धा आपण पक्ष पाडून दिले होते. सासुरवाशिणी सगळ्या माझ्या बाजूला, माहेरवाशिणी तुमच्या. बाहेर मी तुम्हाला आक्का, तुम्ही, अशीच बोलायचे. पण भांडण रंगलं की माझ्या तोंडून "अगं" निघून जायचं, आणि तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एवढ्या जवळचं माझं दुसरं कोण होतं हो? तुमच्या भावाशी माझं चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण त्यांच्याशी मी असं कधी भांडले नाही. भांडायला काहीतरी फुकटचं लागतं, घराशी ज्याचा संबंध नाही असं.

मग तुमच्या पोटाचं सुरू झालं. नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही राहिलात, शोभा सोबत होती, मी मधून मधून येत होते. मी काय न्यायचं तुमच्यासाठी? फळं तुम्ही खात नव्हता. मी भांडण घेऊन यायचे. "आक्का, मी म्हणते ते बराबर आहे. विहीर." तुम्ही कॉटवरून म्हणायचा, "भाकरी." शेजारच्या पेशंटला वाटायचं, ह्यांना जेवायचं आहे.

परत घरी आणलं तेव्हा तुम्ही अगदी बारीक झाला होता. बाजेवर ऊन यायचं तिथं निजवलं होतं. मी आले, उशाशी बसले, आणि काही सुचेना म्हणून म्हटलं, "काय मग, भावजयीनंच केला ना?" तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग माझा हात धरून म्हणालात, "जाऊ दे, सुमन. तूच बराबर हायस. नणंदेनंच केला आसंल."

मी हसायचा प्रयत्न केला. मग उठून अंगणात गेले आणि ढसाढसा रडले. दाजींना वाटलं डॉक्टरचा फोन आला. त्यांना काय सांगू? की तुमची बायको हार मानून राहिली? आयुष्यात तुम्ही कुणापुढं हार मानली नव्हती. उधळलेल्या मेंढ्यापुढं नाही, सोयऱ्यांपुढं नाही, आणि माझ्यापुढं तर मीठ कमी-जास्त असण्यावरूनसुद्धा नाही. मला वाटलं, आता संपलं. आता तुमच्यात भांडायचंसुद्धा बळ राहिलं नाही. आणि तसंच झालं.

तुम्ही गेल्यावर मी एकदा हिंगोलीला जाऊन आले. घरी सांगितलं, अस्तर आणायला. तुमचे भाऊ म्हणाले, "जा," आणि तोंड फिरवलं. साधंच अस्तर होतं, उडणाऱ्यांचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. एका ठिकाणी हसू आलं आणि मी कोपर सरकवलं, ते पिशवीला लागलं. नेहमीची वेळ झाली तशी मी उठले. फोन वाजला नव्हता, जीपवाल्याकडं माझा नंबरच नाही, तरी पाय आपोआप निघाले. बाहेर येऊन बघते तर जीप अर्धी रिकामी. मी आत बसून राहिले. बायका चढल्या, उतरल्या, शेतातलं, कापसातलं बोलल्या. पिक्चरचं कुणी काही विचारलं नाही. एवढा मोठा पिक्चर मी पोटात घेऊन घरी आले आणि तो तसाच पडून राहिला.

म्हणून हा विहिरीचा शेवट बघायचा नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही हार मानली असली तरी मी अजून मानली नव्हती, आणि जिंकल्याचंही मान्य केलं नव्हतं. असं लोंबकळत राहिलं असतं तरी मला चाललं असतं. रोज दुपारी थोडा वेळ मी तुमच्या बाजूनं बोलायचे, थोडा वेळ माझ्या.

काल शोभाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, दाजी जेवतात का, मेंढरं कुणाकडं दिली, वगैरे. मग म्हणाली, "मामी, तो पिक्चर बघितला का?" मी म्हटलं, नाही, होत नाही गं. ती म्हणाली, "बघा हो. आईला लई आवडला व्हता शेवट. दवाखान्यात बघितला आमी, पडल्या पडल्या. शेवटाला तर अशी हसली, सिस्टर रागवायला आली."

मी विचारलं, कधी? कधी बघितला?

"अवो, भरती झाल्यावर लगेच. पहिल्याच आठवड्यात. तुमाला बोलली न्हाई का ती?"

आक्का, म्हणजे मी नांदेडला येऊन विहीर विहीर करत होते तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. घरी आल्यावर माझा हात धरून बोललात तेव्हाही माहीत होतं. मी फोन ठेवला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मशीनपुढं बसले आणि तो पिक्चर लावला. आधीचं सगळं पुढं ढकललं. शाळेचं ग्राउंड आलं. इन्स्पेक्टरनं खुर्ची ओढली, चष्मा पुसला. नणंद रडत होती, मोठ्यानं. तो तिच्याकडं बघेचना. तो भावजयीकडं वळला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, तो घरी आला नव्हता त्या सकाळी, तुम्ही त्याची भाकर काहून नाही थापली?"

पुढचं मला नीट दिसलं नाही.

तुम्ही जिंकला होता, आक्का. नुसतं कोण एवढंच नाही, कशावरून तेही. दुसरी कुणी असती तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही! अशी जीत हातात आल्यावर तुम्ही अख्ख्या बाजारात मिरवली असती. मला दुकान बंद करून घरी बसावं लागलं असतं. ती जीत तुम्ही उशाखाली दाबून ठेवलीत, मी येऊन भांडावं म्हणून. आणि निघायची वेळ झाली तेव्हा ती माझ्या हातात ठेवून गेलात, खोटी, मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही हो. मला राग आलाय. एकदा तरी तोंडावर सांगायचं होतं, "बघ, भाकरी!" मी हरले असते, फुगून बसले असते, दोन दिवस बोलले नसते. हरायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं ना.

पिक्चर संपून नावं वर सरकत होती तेवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आत आली, ब्लाउजचं माप द्यायला. माझ्याकडं बघून दारातच थांबली. "काय झालं वो? काहून रडून राहिल्या?"

मी म्हटलं, "नणंदेनं काहीच केलं नव्हतं, बाई. मीच उगंच तिच्यावर आळ घेतला."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याजवळ बसली. तिला वाटलं, मी तुमच्याबद्दल बोलतेय.